अर्धी ओळ

दादरच्या पोह्यांच्या दुकानापुढे रांग होती. नुकतेच वडील गेलेल्या प्राचीच्या पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या.

"केतूरा, मलिद्याला पोहे जास्त घे. आमची अख्खी चाळ येणार."

"सुमनताई, मलिदा आम्हा यहुद्यांचा की चाळीचा?"

"तीस वर्षं खातेय. आता माझाही."

"या सगळे. गेलेल्या पप्पांच्या नावाचा नैवेद्य आहे."

"शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, ना गं?"

"मला नर्स समजून सिस्टर म्हणायचे. पण गेले त्या सकाळी डोळ्यांवर हात ठेवून 'शेमा' प्रार्थना सुरू केली. ऐक इस्राएल, आपला देव एकच."

"ती बरी आठवली!"

"आठवणारच. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावला फुटलं, पोथ्या बुडाल्या. कोकणात तेल गाळलं, पण शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. आणि तोंडी ही ओळ. पिढ्यान्‌पिढ्या."

"पण तुझं नाव मात्र विसरले."

"नाव विसरले. लहानपणी अर्धी ओळ ते म्हणायचे, अर्धी मी. त्या दिवशीही अर्धी म्हणून थांबले, माझ्याकडे बघत."

"मग?"

"मग काय? पुरी केली. मुलगी कोणाची!"

रांग पुढे सरकली. प्राची तिथेच उभी होती.