नाक्याच्या अलीकडे की पलीकडे

...आणि वर मला म्हणते काय, "तुमचं आमच्या हद्दीत येत नाही." अहो, माणूस आहे का गटाराचं कनेक्शन? माझा सख्खा मोठा भाऊ, दशरथ धुरी, वय एकतीस, राहणार दहिसर, चांगला धडधाकट... म्हणजे कावीळ होईपर्यंत धडधाकट... तो गेला, नदीकाठी आम्ही त्याला अग्नी दिला, दहावं झालं, बारावं झालं, तेराव्याला अख्खी चाळ जेवून गेली, आणि खिडकीतली बाई म्हणते तो आमच्याकडे मेलेलाच नाही. मग कुठे मेलाय? तर म्हणे, ते तुम्ही शोधून आणा.

तुम्हाला सांगतो, मला स्वतःला त्या कागदाचं काही पडलेलं नव्हतं. दादा गेला हे मला दाखला बघून कळणार होतं का? पण दादा ज्या कंपनीत पॅकिंगला होता... संपात गिरणी गेली, तेव्हा तो इकडे लागला... तिथला मॅनेजर माणूस बरा. घरी आला, चटईवर बसला, चहा घेतला आणि वहिनीला म्हणाला, "प्रेमाताई, दशरथच्या जागेवर तुम्हाला घेतो. फक्त मृत्यूचा दाखला तीस तारखेपर्यंत आणा. त्यानंतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल, मशीन थांबत नाही." वहिनी आमची कणकवलीकडची, पदरात दोन पोरं, तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दाखलाच ना? उद्या आणतो. उद्या म्हणालो, ऐका हं. ती तारीख होती मार्चची चार.

आता मी पाचवी नापास. गॅरेजमध्ये हेल्पर. खिडकीची कामं आमच्या घरात दादाची. रेशनची खिडकी दादा, रॉकेलची खिडकी दादा, पोराचं नाव शाळेत घालायचं तर दादा. मी आपला मागे पिशवी धरून उभा आणि खिडकीतल्या माणसाने जरा तोंड वाकडं केलं की मागून आवाज चढवायला तयार. दादा मला हाताने मागे ढकलायचा आणि आतल्याशी असा काही गोड बोलायचा की तो उठून उभा राहायचा. तर अशा माणसाचा दाखला काढायला मी गेलो.

वॉर्डाच्या ऑफिसात जन्ममृत्यूच्या खिडकीवर सुलक्षणा मॅडम. जाड भिंगाचा चष्मा, बोटाला रबरी टोपी. मी हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली. "आणण्यापूर्वीच मृत." मग पोलिसांचा पंचनामा दिला. तोही वाचला. "वाटेत मृत." चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "वाटेत म्हणजे कुठे?"

म्हटलं, वाटेत म्हणजे वाटेत. करंजपाड्याहून बोरिवलीला येताना.

"करंजपाडा? ते तर नाक्याच्या पलीकडे. ठाणे जिल्हा. तुमचं आमच्या हद्दीत येत नाही. चला, पुढचा कोण?"

अहो, पुढचा कोण काय? मी अजून उभा होतो ना तिथे.

तर हा करंजपाडा कुठून आला, ते सांगायला हवं. दादाला कावीळ झाली, डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण डोळ्यांतलं पिवळं उतरेना. गॅरेजमधला एक जण मला म्हणाला, चेक नाक्यापलीकडे पाड्यावर शांताबाई म्हणून म्हातारी आहे, झाडपाल्याचं औषध देते, माझी कावीळ तीन दिवसांत उतरली. झालं. माझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. दादा नको म्हणत होता. मी म्हटलं, तू गप. नेलाच. तीन दिवस आम्ही तिच्या ओटीवर राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने दादाच्या पापण्या उघडून बघितल्या आणि म्हणाली, "बाबा, हे माझ्या हातातलं राहिलं नाही. दवाखान्यात ने. आत्ता ने." एसटी दुपारी. मग तबेल्याला गवत घेऊन जाणारा टेम्पो मिळाला, पेंढ्यांवर दादाला निजवला, आणि निघालो. बोरिवलीला पोचलो तेव्हा डॉक्टरने बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. एवढीच गोष्ट. यात हद्द कुठे आली?

पण मी काय ऐकतो? गेलो करंजपाड्याला.

आता खेड्यातलं सरकारी ऑफिस कसं असतं, हे तुम्ही मुंबईत बसून समजू नका. इथे निदान खिडकी असते. तिथे कुलूप असतं. ग्रामपंचायत म्हणजे एक खोली, बाहेर पाटी, पाटीवर कावळा. बाजूच्या दुकानात विचारलं, ग्रामसेवक कधी येतात? "मंगळवारी." मंगळवारी गेलो. "आले होते, गेले." कधी? "सकाळी." मग पुढचा मंगळवार. पुढच्या मंगळवारी होळी. बरं, ग्रामसेवक कुठे भेटेल हे विचारलं तर चार जणांनी चार दिशा दाखवल्या, एकाने तर मला शाळेत नेऊन बसवलं, मास्तर म्हणाले, कितवीचा पालक? शेवटी कळलं, ग्रामसेवकाकडे तीन गावं, आणि नोंदवह्या सगळ्या त्याच्या स्कूटरच्या डिकीत. म्हणजे ऑफिस गावभर फिरतंय आणि मी त्याच्या मागे.

गाठला एकदाचा. चिंचेखाली स्कूटर लावून उसाचा रस पीत होता. मी म्हटलं, साहेब, मृत्यूची नोंद.

"कोणाची?"

"माझ्या भावाची. शांताबाईच्या ओटीवर होता."

त्याने शांताबाईला बोलावली. म्हातारी काठी टेकत आली. तो म्हणाला, "काय गं, हा तुझ्याकडे मेला का?"

म्हातारी भडकली. "माझ्याकडे कशाला मरतोय? निघाला तेव्हा जिता होता. अर्धा कप चहा प्यायला. मला नमस्कार करून गेला."

ग्रामसेवक माझ्याकडे वळला. "ऐकलंस? इथून जिवंत गेला. जिवंत गेलेल्या माणसांची नोंद ठेवायला लागलो तर डिकी पुरायची नाही. तुझं आमच्या हद्दीत येत नाही."

तिकडेही तेच. म्हणजे बघा, पोटापाण्यासाठी कोकणातून माणूस मुंबईत आला, गिरणीत घाम गाळला, दहिसरला चाळीत दहा बाय बाराची खोली केली, आणि मेला तर दोन सरकारं म्हणतात, आमचा नाही.

घरी आलो की वहिनी दारात. विचारायची, "भावजी, गावलो कागद?" मी म्हणायचो, उद्या. ती आत जाऊन भाकऱ्या थापायची. आमच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, पण त्या दिवसांत जायचा नाही. हळू थापायची.

चोवीस तारखेला परत सुलक्षणा मॅडम. मी आत गेलो तो बोलतच गेलो. म्हटलं, मॅडम, तिकडचा म्हणतो तुमच्याकडे, तुम्ही म्हणता तिकडे, माझा भाऊ काय हवेत मेला का, एक काहीतरी ठरवा, नाहीतर मी इथेच बसतो. आणि बसलो. खाली, फरशीवर. रांगेतले लोक माझ्यावरून पाय टाकून जायला लागले. एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला.

मॅडमनी रबरी टोपी काढली. म्हणाल्या, "ऊठ. मी काय तुझी वैरी आहे? मला ठिकाण लागतं. नाक्याच्या पलीकडे गेला असेल तर मी लिहिलं तरी वर कापतात. नाका आमच्यात येतो. नाक्यापर्यंत जिवंत होता, असं कोणी लिहून देईल तर आमचा. तू होतास ना बरोबर? अलीकडे गेला की पलीकडे?"

मी उठलो, पँट झटकली.

"अरे, बरोबर होतास ना?"

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं, अलीकडे म्हणून. कोण बघायला आलंय? पण मला येईना सांगता. कारण मला माहीतच नव्हतं. आणि का माहीत नव्हतं, ते मी वहिनीला पण सांगितलं नव्हतं.

नाक्यावर ट्रकांची ही रांग. जकात भरल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. गवताला पण जकात. आमच्या पुढे तीसेक गाड्या. माझं टाळकं फिरलं. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं ते पेंढीवर ठेवलं आणि मारली उडी खाली. गेलो थेट नाक्यावरच्या साहेबाकडे, म्हटलं, आत पेशंट आहे, टेम्पो आधी सोडा. तो म्हणाला, रांगेत या, सगळेच पेशंट आणतात, खाली दारू निघते. मी धरली कॉलर. मग काय, ड्रायव्हर आले, शिपाई आले, बाचाबाची, शिव्या, एकाने मला धरला, मी एकाला धरला... शेवटी एकदम त्यांनी रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला आणि म्हणाले, जा. मी छाती काढून टेम्पोत चढलो. दादाला म्हटलं, बघ, कसा सोडवला टेम्पो. त्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं, नेहमीसारखा माझ्यावर मनातल्या मनात हसतोय.

तर अलीकडे की पलीकडे, मी कसं सांगणार? मी भांडत होतो.

पण तीस तारीख माझ्यासाठी थांबणार होती का? गेलो नाक्यावर.

दांड्यापाशी एक शिपाई स्टुलावर. मला बघून उठलाच. "आयला, कॉलरवाला." सहदेव त्याचं नाव. मी म्हटलं, भांडायला नाही आलो. सगळं सांगितलं. त्याने आत जाऊन वही आणली, प्रत्येक गाडीची नोंद असते त्यात. बोट फिरवत गेला आणि थांबला. टेम्पो. गवत, पेंढ्या ऐंशी. आला अकरा वीस, सोडला अकरा चाळीस. आणि शेवटच्या रकान्यात, "सोबत आजारी इसम एक".

तुम्हाला सांगतो, एवढ्या सरकारी कागदांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दादाला आजारी म्हटलं होतं. बाकी सगळीकडे मृत.

मी विचारलं, हे कोणी लिहिलं?

"मीच सांगितलं साहेबांना लिहायला. पेंढ्या मोजायला मी ताडपत्री उचलली तर आत हा. डोळे पिवळे. पाणी मागितलं. माझ्या माठातलं दिलं."

"प्यायला?"

"दोन घोट. मग मला म्हणाला, बाहेर आवाज येतोय ना, तो माझा भाऊ. लहान आहे हो. साहेबांना सांगा, मनावर घेऊ नका." सहदेवने वही मिटली. "साहेब तुला चौकीत बसवणार होते. मी जाऊन कानात सांगितलं, म्हणून दांडा वर झाला."

आणि मी समजत होतो, माझ्या आवाजाला घाबरले.

मी तिथेच कठड्यावर बसलो. किती वेळ, आठवत नाही. समोरून ट्रक जात होते, दांडा वर, दांडा खाली. सहदेवने मलाही माठातलं पाणी दिलं.

पण गोष्ट इथे संपते का? सहदेवच्या शब्दाला किंमत नाही, तो शिपाई. लिहून द्यायला पाहिजे साहेबाने. म्हणजे ज्याची मी कॉलर धरली त्याने. साहेब म्हणाला, नाक्याचं काम जकातीचं, माणसं जिवंत आहेत का मेलेली हे लिहून देणं आमच्या हद्दीत येत नाही.

मी भांडलो नाही. दोन दिवस नाक्यावर बसून राहिलो. सकाळी दांडा वर होताना यायचो, अंधार पडला की जायचो. दुसऱ्या दिवशी ट्रकवाले मला नवीन शिपाई समजून पावत्या दाखवायला लागले. मीही बघून, बरं, जा, असं म्हणायला लागलो. तेव्हा साहेब बाहेर आला. म्हणाला, "बाबा रे, तुला कागद देतो, पण तू इथून जा, नाहीतर तुला पगार द्यावा लागेल." आणि लिहिलं. "सदर इसम नाक्यावर जिवंत होता. पाणी मागितले." खाली सही, शिक्का.

हो, वहिनी लागली. एक तारखेला डबा घेऊन गेली कामावर, पहिल्याच दिवशी. ते झालं. पण खिडकीवरचं सांगायचं राहिलं.

तीस तारीख, सकाळी पहिला नंबर माझा. सुलक्षणा मॅडमनी नाक्याचा कागद वाचला, दोनदा. लिहायला घेतलं. "ठिकाण काय लिहू? घर, दवाखाना की रस्ता?"

आता एरवी मी किती बोललो असतो. रस्ता काय, भिकारी होता का, घरदार होतं त्याला, बायकापोरं होती. मागची रांग पण माझ्याकडे बघत होती, मागच्या वेळी फरशीवर बसलेला हाच तो. मी म्हटलं, "रस्ता लिहा."

मॅडम थांबल्या. भिंगातून बघितलं. "आज आवाज नाही?"

मी हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे सरकवली.

"अर्जदाराचं मयताशी नातं?"

"धाकटा भाऊ."

"वय?"

"बावीस."

त्या म्हणाल्या, "लहान आहेस रे."

म्हटलं, "होतो, मॅडम. आता घरात मीच मोठा. तुम्ही लिहा पुढे."