गेणूभाऊचा हर्निया

नाय नाय, बसा की — फक्त तुमच्यासंगं कुणी पोटुशी बाई नाय ना? तान्हं लेकरू? मग बसा. मला हाडांच्या स्कॅनचं इंजेक्शन दिलंय, तीन तास थांबा म्हणले, पाणी प्या, लघवीला जात राहा, आन् लेकराबाळांपासून लांब बसा. बायकोलाबी खाली पाठवलं — तिचं काय ते वय राहिलंय, पण मीच म्हणलं, जा चांगुणा, कायतरी खाऊन ये. खरं सांगू? तिच्यासमोर पाणीबी धड पिता येत नाय मला. हे बघा. तिसरी बाटली ही, अर्धी सदऱ्यावरच सांडली.

प्रोस्टेटचा हाय. हां, कॅन्सर. बोललो बघा — पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं बॉयलरवर काढली, दवाखाना माहीत नाय — आन् आता रक्ताची ती पीएसए तपासणी, चारच्या आत पायजे तिथं एक्केचाळीस निघाली. मग सुया घालून बारा तुकडे काढले, कुठून ते विचारू नका. डॉक्टर भला माणूस. म्हणला, किशोरराव, गाठीतच असंल तर ऑपरेशन नायतर किरणांचा शेक, बरं होण्यासारखं हाय. आन् हाडात गेला असंल तर? तर म्हणला, औषधांनी दाबून ठेवू. दाबून! बरा करू नाय म्हणला. ते आज कळायचं.

हाडातला मी बघितलाय हो. माझा थोरला भाऊ, गेणूभाऊ, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर मुकादम होता — कंबर दुखते म्हणून सहा महिने नुसतं चोळून घेतलं त्यानं. पाय उचलेनात तवा नाशिकला आणला, तर त्यालाबी हाच, प्रोस्टेटचा, मणक्यात पसरलेला. मग एक ऑपरेशन केलं — तुम्ही बाप्या माणूस, समजून घ्या — खालची दोन्ही अंडं काढून टाकली. त्यानं रोगाचा जोर कमी होतो म्हणे. घरात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन. भाऊनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, म्हणला, "किशोर, माझ्या संतोषलाबी कळता कामा नाय. मणक्याचा आजार म्हणायचं." मी म्हणलं, बरं. चार वर्षं झाली त्याला जाऊन, मी अजून मणक्याचाच म्हणतोय.

पण तवाच डॉक्टरनं मला बाजूला घेतलं होतं — हे मी कुणालाच बोललो नाय — म्हणला, हा घरात चालत येतो, तुम्ही सख्खे भाऊ, तुम्ही रक्त तपासा, आन् त्यांचा पोरगा पंचेचाळिशीला आला की त्यालाबी सांगा. नुसतं रक्त द्यायचं होतं हो. नाय दिलं. का नाय? भ्यालो. निघालं तर काय, म्हणून भ्यालो. रात्री चारचारदा उठायचो, धार लागायची नाय, चांगुणाला म्हणायचो, वय झालं.

संतोष? शेहेचाळीसचा हाय आता. नाय — नाय सांगितलं. शपथ होती ना भावाची. तुम्ही असं बघू नका. मेलेल्या माणसाची शपथ मोडायची का? — नाय, ते खरं नाय. खरं सांगतो. त्याला सांगितलं असतं तर त्यानं पहिलं हेच विचारलं असतं, काका, तुम्ही केली का तपासणी? म्हणून नाय सांगितलं. शपथ आपली बरी सापडली.

आन् पोरगं काय करतं माहिताय? दरवर्षी पाठीचा एक्स-रे काढून घेतं. बापाचा मणका गेला ना, म्हणून. दिवाळीला मला फोटो दाखवत होता, "बघा काका, मणका एकदम टाइट हाय माझा." आन् मी हसलो. पाठ थोपटली त्याची.

बोलावतील आता. एकदा आत गेलो, आन् बाहेर आल्यावर काय कानावर पडंल — मग माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाय. मी मला ओळखतो. थांबा. हा फोन... बोट बसत नाय हो. लावून देता? "संतोष पॅकहाउस" म्हणून हाय, बापाच्याच जागी लागलाय तो. हां, हाच. वाजतोय. उचलू नये त्यानं — नाय, उचलावा, उचलावा —

हॅलो. संतोष? काका बोलतोय. हां, दवाखान्यातच. माझं राहू दे. तू एकटा हायेस का? बस आधी कुठंतरी. बस म्हणतो ना. बाळा, तुझ्या बापाला मणक्याचं काय नव्हतं रे... एक मिनिट हं — अहो दादा, तुम्ही उठा आता. तिकडं जाऊन बसा जरा.