तेजूचे कोच

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला, आणि आमच्याकडं फुटबॉलचं वेड लई, तसं मलाही होतं, तालमीच्या संघातून हाफबॅकला खेळायचो. मग गुडघा गेला, लग्न झालं, बायको सॉफ्टवेअरमधली, तिला कंपनीनं इकडं अमेरिकेत, कॅरी गावाला पाठवलं, तेव्हा दोन हजार एक साली मी तिच्या व्हिसावर आलो, म्हणजे मला नोकरी करायची परवानगी नाही, घर बघायचं आणि तेजूला, आमच्या लेकीला, सांभाळायचं, ती तेव्हा बालवाडीतली.

तर तेजूला बॉल मी शिकवला. हे लिहा तुम्ही, नक्की लिहा. अपार्टमेंटच्या पार्किंगमागं गवत होतं, तिथं मीच शिकवला. पुढं तिला मुलींच्या क्लबात घातलं, आणि तिथं कोच होते मॅक, स्कॉटलंडचे, साठीचे, तरुणपणी तिकडं पगारी खेळलेले, मग संघांचे मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, होऊन फिरत फिरत इथं आलेले. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं नाही, तेजूला मात्र सगळं कळायचं.

काय सांगू तुम्हाला, जेवताना मॅक, गाडीत मॅक. मी म्हटलं, पास देताना मान वर ठेव, तर म्हणायची, बाबा, कोच ऑलरेडी टोल्ड मी. अहो, तेच मी तिला किती दिवस सांगत होतो. बायको म्हणायची, पोरगी शिकतेय ना, मग तुला काय झालं? आता काय झालं ते कसं सांगायचं. प्रॅक्टिसला बाकीचे आईबाप खुर्च्या टाकून गप्पा मारायचे, मी कुंपण धरून उभा, आणि मॅकनी तिला शाबासकी दिली की जीव जळायचा माझा. त्यांची चूक सापडावी म्हणून बघत राहायचो, आणि ते चुकायचे नाहीत, त्याचाच जास्त राग.

एकदा तेच कुंपणापाशी आले, मला कळावं म्हणून सावकाश बोलले, तू खेळलायस, तुझ्या उभं राहण्यावरून कळतं, ये माझ्याबरोबर, या पोरींना शिकव. पगार घेता येत नव्हता, तसाच गेलो. पोरींना मैदानाभोवती पळवायचो, आणि मी पण शिकलो हो त्यांच्याकडून, पण शिकताना सुद्धा जळायचो.

गेल्या वर्षी त्यांची बायको आजारी पडली, ते कायमचे मायदेशी गेले. तोवर आमची ग्रीन कार्डं आली होती. जाताना क्लबला सांगून गेले, टीम याच्याकडं द्या. दिली. मी मॅनेजर झालो. पहिल्याच मॅचला तेजूनं गोल मारला, मॅच संपली तशी पळत माझ्याकडं आली, मी हात पसरले, तर धापा टाकत म्हणते, बाबा, कॉल कोच. ही'ल वॉन्ट टू नो.

मैदानातूनच फोन लावून दिला. ती हातवारे करकरून गोल सांगत होती, मी बाकीच्या पोरींना पाणी देत होतो.

आता दर मॅचनंतर मीच लावतो फोन. अजून जळतं, नाही म्हणत नाही. पण म्हातारा सुखी राहू दे, त्याची बायको बरी होऊ दे. टीममधल्या सगळ्या पोरी मला कोच म्हणतात. तेजू तेवढी बाबा म्हणते. बरंच आहे म्हणायचं.