मागे घरघर येते

आरोही: पण तुम्ही म्हणता तो कूलर एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटच्या आत जागा एकशे पंचावन्नची. वरचे तीन मिलिमीटर मी कुठे घालू?

स्वराज: मॅडम, तीन मिलिमीटर म्हणजे काय? झाकण जरा दाबून बसवायचं. माझ्या दुकानातून अर्ध्या अलिबागला तसेच कम्प्युटर गेलेत. एकदम मक्खन चालतात.

शिवदास: त्याला सांग, दाबून बसवलेलं झाकण थरथरतं. थरथरलं की वाजतं.

स्वराज: हे कोण बोललं?

आरोही: माझे बाबा. फोन स्पीकरवर आहे. बोटीवर इंजिन ड्रायव्हर होते ते.

स्वराज: काका, नमस्कार. पण हे इंजिन नाय हो, कम्प्युटर आहे.

शिवदास: आत काय तरी फिरतं ना? मग इंजिनच ते. पंखा केवढा हाय?

स्वराज: दोन येतात. ब्याण्णवचा लहान, त्याचा कूलर बुटका, तो या डब्यात आरामात बसेल. आणि एकशेवीसचा मोठा, तो हा उंचवाला.

शिवदास: मोठा घे आणि हळू फिरव. लहान पंखा जोरात पळवला की बोंबलतो. अनंता नाखव्यानं 'सत्यवती' बोटीला लहान पंखा लावलेला, स्वस्तात मिळाला म्हणून. आमी रेवदंड्याच्या खाडीत शिरायचो आणि पलीकडं कोर्लईत कुत्री भुंकायची.

स्वराज: काका, तुम्ही दुकानात बसायला या.

शिवदास: दाराबाहेर जाता येत न्हाय, दुकानात कुठला बसतो?

आरोही: बाबा, मला बोलू दे. स्वराजदादा, मग कॅबिनेटच बदला. कूलरला एकशे पासष्टची जागा असेल असा द्या.

स्वराज: आहे, पण एकदम साधा. काळा पत्रा. काच नाय, रंगीत लाइटी नाय.

आरोही: लाइटी कशाला? मी काय ऑर्केस्ट्रा बार उघडते? आणि यादीतला मदरबोर्ड कापा. मी मागितलेल्या प्रोसेसरला तो चालत नाही. सॉकेट वेगळं आहे.

स्वराज: अरे, हो काय? तो पडून होता म्हणून...

आरोही: तुमचा पडून होता म्हणून माझ्या गळ्यात? प्रोसेसर त्यात बसला नसता, मी दाबला असता, पिना वाकल्या असत्या. मग तुम्ही म्हणाला असतात, मॅडम, तुम्हीच मोडला.

स्वराज: सॉरी, सॉरी. एवढं कोण बघत नाय हो. लोक येतात, गेम चालेल का विचारतात, घेऊन जातात.

आरोही: मी बघते. लिहून घ्या. प्रोसेसर कमी तापणारा, चित्र दाखवायची सोय त्यातच असलेला, म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड नको, त्याचा पंखा नको. हार्डडिस्क नको, ती फिरते. एसएसडी द्या. पॉवर सप्लाय असा, की भार कमी असला तर त्याचा पंखा थांबतो. रॅम त्या बोर्डाला चालते तीच. पुन्हा पडून असलेलं काही पाठवू नका.

स्वराज: लिहिलं. पण एक विचारू, मॅडम? एवढा गप्प कम्प्युटर कशाला पाहिजे?

आरोही: शाळेचे धडे वाचून रेकॉर्ड करायचं काम आहे. घरून. कंपनीचा प्रोग्रॅम खोलीतला आवाज मोजतो. दोनदा नापास केलंय. शेरा एकच, मागे घरघर येते.

स्वराज: येतेच की. मला पण येते. मिक्सर चालू आहे ना तुमच्याकडे?

आरोही: टेबलफॅन आहे.

स्वराज: टेबलफॅन? मॅडम, कम्प्युटर राहू दे, आधी तो फेकून द्या. पार गेलाय तो.

आरोही: बुधवारपर्यंत माल पाठवा. ठेवते.

शिवदास: ठेवलास फोन?

आरोही: ठेवला.

शिवदास: टेबलफॅन.

आरोही: मग काय सांगू त्याला?

शिवदास: खरं सांगायचं. बापाची फुप्फुसं गेली, नाकात नळी हाय, ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालतं. फेकून द्या बोलला. चांगलं बोलला पोरगा. धंदा येत न्हाय त्याला, पण कान बरा हाय.

आरोही: बाबा, नको सुरू करू.

शिवदास: तुझा जुना कम्प्युटरचा डबा बंद कर. कर तर. ...झाला? आता ऐक.

आरोही: ऐकते.

शिवदास: काय फरक?

आरोही: कमी झाला थोडा.

शिवदास: एक आणा कमी झाला. उरलेले पंधरा आणे मी हाय. चाळीस वरसं इंजिनाच्या कानात कान घालून बसलो, मला फसवू नको. आवाज माझा, आणि तू डबा बदलतेस.

आरोही: दोन आवाज मिळून त्यांच्या प्रोग्रॅमची रेघ लाल होते. एक काढला तर हिरवी होईलही. काठावरच अडकतेय.

शिवदास: काठावर.

आरोही: हो, काठावर! दुसरं काय करू, सांग ना! मशीन स्वैपाकघरात ठेवून बघितलं. मधे पत्रा आहे, पत्रा जास्त वाजतो. लांब नळी लावून पडवीत ठेवलं, खाऱ्या वाऱ्यानं अन् सुक्या मासळीच्या धुळीनं महिन्यात चोंदलं. दुरुस्तीवाला म्हणाला, पुन्हा बाहेर ठेवलंत तर हात लावणार नाही. त्या दिवशी तू निळा पडला होतास, आठवतं का?

शिवदास: मला कसं आठवणार? निळा मी होतो.

आरोही: हसू नको.

शिवदास: दुसऱ्याच्या घरी जाऊन वाच. शेजारच्या मनुबाईची माडी रिकामी हाय.

आरोही: ज्या खोलीत परीक्षा, त्याच खोलीत रोज चार तास काम. खोलीचा फोटो घेतात. आणि चार तास तुझ्याजवळ कोण? गेल्या श्रावणात लाइट गेली, ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायला उठलास आणि चुलीपाशी पडलास. मी मोरीत होते म्हणून वाचलास. मी तळोज्याच्या कारखान्यात कोळंबी सोलत असते तर?

शिवदास: तर सुटलो असतो.

आरोही: बाबा!

शिवदास: ओरडू नको, रेघ लाल होईल. मी हिशोब सांगतो, बाय. मी हाय म्हणून तुला घरी राहायचंय. घरी राहायचं तर घरचं काम पाहिजे. घरच्या कामाला घर गप्प पाहिजे. आणि घर गप्प करायचं तर...

आरोही: गप बस.

शिवदास: तेच बोलतोय मी.

आरोही: मला चीड कशाची येते माहितीय? तिकडे वाडीत बंगल्यांवर पाट्या आहेत, 'कोकणातली निवांत शांतता'. मुंबईची माणसं रात्रीचं भाडं मोजून शांतता घेतात आणि त्यातच डीजे लावतात. आपल्या बापजाद्यांची जागा ती. आणि मला एक खोली, चार तास, गप्प मिळत नाही. वर तो कंपनीतला बाबू म्हणतो, मॅडम, घरात शिस्त ठेवा, घरच्यांना सांगा आवाज करू नका. घरच्यांना सांगा! श्वास घेऊ नका म्हणून सांगू?

शिवदास: आवाज पुसता येत न्हाय? मोबाइलवर पोरं करतात तसा?

आरोही: पुसलेला लगेच पकडतात. म्हणतात, शांतता नैसर्गिक हवी.

शिवदास: नैसर्गिक. मग माझं नैसर्गिक काय हाय, ते पण विचार त्यांना.

आरोही: पान्यांची पेटी विकायला नको होतीस तू. या डब्यासाठी.

शिवदास: मी काय करणार पान्यांचं? नळीला लावू? एक पेचकस ठेवलाय मागं. उशीखाली हाय. डबा बांधायला लागेल तुला.

(आठवड्यानंतर, सकाळी अकरा. टेबलावर काळा डबा. खाटेजवळच्या कोपऱ्यात मशीन, त्याच्यापासून खाटेपर्यंत नळी.)

शिवदास: चालू कर की.

आरोही: चालू आहे.

शिवदास: कधी केलास?

आरोही: तू पाणी पीत होतास तेव्हा. पाच मिनिटं झाली.

शिवदास: खोटं. आवाज कुठं हाय?

आरोही: नाहीच आहे.

शिवदास: इंजिन चालू असून आवाज न्हाय? भीती वाटते असल्याची. मेलेलं इंजिन गप्प असतं. ...परीक्षा लाव.

आरोही: आधी दोन मिनिटं ते नुसती खोली ऐकतात. मग वाचायचं. ही तिसरी, शेवटची. पण सुरू करायच्या आधी रेघ बघता येते.

शिवदास: काय दाखवते?

आरोही: लाल.

शिवदास: काठावर?

आरोही: नाही. काठाच्या बऱ्याच वर.

शिवदास: व्हय. तो बोललाच होता. टेबलफॅन फेका.

आरोही: बाबा, मशीनच्या बटणावरचा हात काढ.

शिवदास: वीस मिनिटांचं काम. डॉक्टर बोललाय, थोडा वेळ काढली तर चालते नळी.

आरोही: अंघोळीपुरती! आणि वीस मिनिटं आज. उद्यापासून रोजचे चार तास, ते?

शिवदास: उद्याचं उद्या. आधी पास तर हो. रेघ बघ तू, माझ्याकडं नको बघू. ...गेला आवाज. पडली रेघ?

आरोही: ...पडली.

शिवदास: हिरवी?

आरोही: हिरवी झाली. बाबा, पार खाली गेली. डब्याचा काहीच येत नाही. काहीच!

शिवदास: मोठा पंखा, हळू. बोललेलो मी. लाव परीक्षा. आणि ळ नीट बोल, नायतर आपल्या कोळीवाड्यातली निघशील.

आरोही: बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लाव आधी. नव्वदच्या खाली गेलं की मी थांबणार.

शिवदास: लावला. वाच.

आरोही: दोन मिनिटं काही बोलू नको. ...झाली. सुरू करते. "पाठ सातवा. मीठ कसे तयार होते? समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत साठवले जाते. उन्हाने पाण्याची वाफ होते व मीठ खाली उरते. मिठागरात काम करणारे लोक..."

शिवदास: काय झालं? थांबलीस का?

आरोही: रेघ वर येतेय.

शिवदास: डबा तापला काय?

आरोही: डबा गप्प आहे.

शिवदास: मग? मशीन तर... बंद... हाय की.

आरोही: तू, बाबा. तुझा श्वास वाजतोय.

शिवदास: माझा?

आरोही: किती झालं? बोट दाखव. शहाऐंशी. बस, मी लावते मशीन.

शिवदास: थांब. वाच तू. मी... धरतो.

आरोही: काय धरतोस?

शिवदास: दम. वाक्यापुरता. तू थांबलीस की... सोडीन. पाण्यात बुडी मारून... बोटीच्या पंख्यातलं जाळं सोडवलंय मी. वाच, बाय.

आरोही: बाबा, नको.

शिवदास: वाच!

आरोही: "मिठागरात काम करणारे लोक लाकडी... लाकडी फावड्याने मीठ ओढून..." सोड. बाबा, सोड श्वास. सोड ना रे! तोंड बघ कसं झालंय. नळी धर. धरलीस? हां. घे. हळू. अजून घे.

शिवदास: हिरवी... होती का?

आरोही: बोलू नको. घे आधी.

शिवदास: होती का सांग.

आरोही: होती. एका वाक्याला होती.

शिवदास: बघ.

आरोही: काय बघ? एका वाक्यापायी मरत होतास तू. आलं बघ, निकालही आला. यंत्रच ठरवतं, त्याला वेळ लागत नाही.

शिवदास: काय लिहिलंय?

आरोही: तेच. मागे घरघर येते.

शिवदास: बरोबर ओळखलं. आपल्यात पण तसंच बोलतात ना, म्हाताऱ्याला घरघर लागली.

आरोही: एक थोबाडीत देईन, बाबा.

शिवदास: दे. ...कोळंबीवाल्यांची गाडी अजून तिठ्यावरनंच जाते ना?

आरोही: हो.

शिवदास: तुझी आई सव्वापाचला उभी राहायची. नलूची बोटं बर्फानं पांढरी पडलेली, भाकरी थापताना तवा लागला तरी कळायचं न्हाय तिला. हातमोजे मागून घे. देत न्हायत, पण माग.

आरोही: आणि लाइट गेली तर?

शिवदास: सिलिंडर खाटेला बांधून ठेव. त्याची चावी दोरीनं माझ्या मनगटाला. उठायलाच नको.

आरोही: आणि हात चालला नाही तर?

शिवदास: मनुबाईला सांग, मशीनचा आवाज ऐकत राहा. आवाज थांबला की पळत ये. तेवढं तरी बरं हाय त्याचं. शेजारच्या घरात ऐकू जातं.

आरोही: ...सोमवारपासून जाते.

शिवदास: जा. डबा बंद केलास?

आरोही: नाही. चालूच आहे.

शिवदास: हात लावून बघ. थरथर?

आरोही: जरासुद्धा नाही.

शिवदास: चांगला बांधलास, बाय.