एक ठिपका ऱ्हाऊ दिला न्हाई

…आन वरून सगळे मलाच म्हणतात, "हात काहून लावला?" आता तुमीच सांगा, घरात बुरशी दिसल्यावर माणूस काय करतो? पुसतो, उन्हात घालतो, पावडर चोळतो! मी तिन्ही केलं!

तुमाला सांगतो, माझा मोठा भाऊ प्रज्ञेश हिंगोलीच्या कॉलेजात शिकून राहिला होता. होता… कनेरगाव नाक्यापाशी ट्रकनं… जाऊ द्या. सव्वा महिना झाला. तर दादा शिकत काय होता? गाठी! माळावर हेकळीची काटेरी झुडपं असतात न, त्यांच्या फांदीला सुपारीएवढ्या गाठी येतात. आमच्या अख्ख्या डोंगरकडा गावात त्या गाठींकडं कोणी ढुंकून बघितलं न्हाई, हा पोतं भरून आणायचा! बाप म्हणायचा, "लोकाची लेकरं नोकरी आणतात, आमचं काटे आणून राहिलं!" दादा नुसता हसायचा. एकदा जेवताना मला म्हणे, "या गाठीत अळी ऱ्हाती. झाडाकडून घर बांधून घेती आन भिंतच खात बसती." म्हटलं, मजा आहे बुवा! "मजा कसली? या अळीला कोण खातं माहिताय?" मी म्हटलं, दादा, जेवू दे न गपचिप!… तिथंच थांबवलं त्याला. सातवीतून पळालेला माणूस मी, मला काय ठाव पुढं काय सांगणार होता?

मायच्या लोणच्याच्या तीन बरण्या त्यानं उचलल्या, ओला कापूस अंथरला, त्यावर चिरलेल्या गाठी मांडल्या आन पलंगाखाली ठेवल्या. मला म्हणे, "सांभाळ रं, कोणी हात लावू नये." आन दुसऱ्या दिवशी हा गेला!

मी सांभाळल्या की! दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, निर्मला आत्या म्हणाली, "पोराच्या वस्तू वाटून टाका, डोळ्याला तकलीफ होती." कपडे दिले, बूट दिले, मोबाईल दिला. बरण्या दिल्या न्हाईत! आत्या ओढून राहिली, मी पोटाशी धरून बसलो. आन पाहुणे गेल्यावर झाकण काढतो तर काय… गाठींवर पांढरी बुरशी, म्हाताऱ्याच्या दाढीवानी! दादानं एक वस्तू सांभाळायला दिली आन ती बी आपण सडवली! बुरशी दिसल्यावर माणूस काय करतो? एकेक गाठ पुसली. दोन दिवस कडक उन्हात घातली. पेरणीच्या आधी सोयाबीनच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून गुलाबी पावडर चोळतो न, ती चोळली. बराबर बियाण्यासारखी. रडत रडत चोळली, खोटं काहून सांगू?

मग आले दादाचे सर, विजयकुमार सर. चहा घेता घेता म्हणतात, "बरण्या आहेत ना?" मी छाती फुगवून पुढं ठेवल्या. म्हटलं, "सर, एक ठिपका ऱ्हाऊ दिला न्हाई!" सरांची कपबशी हातात तशीच. "हे गुलाबी काय आहे?" "पावडर, सर! भारीची आहे!" सरांनी ती खाली ठेवली, एक गाठ उचलून बोटानं पुसून बघितली. मग हळूच म्हणाले, "अरे, तो बुरशीच वाढवत होता. अळीला आतून खाणारी. कुठल्याच पुस्तकात नव्हती. नवीन ठरली असती तर आम्ही तिला प्रज्ञेशचं नाव देणार होतो."

बाप म्हणाला, "बुरशीला? माझ्या पोराचं नाव?" सर म्हणाले, "हो. जगभर. कायमचं." काट्यांना हसणारा बाप उठला आन भिंतीकडं तोंड करून बसला.

तवापासून ती बुरशी हुडकायला रोज माळावर जाऊन राहिलो. हात बघा, नुसते काटे! गाठी फोडतो, फोडतो… परत्येक गाठीत अळी जित्ती! गुबगुबीत, वळवळ वळवळ! दादा गेला त्याचं तिला काय? भिंत खाऊन राहिली!

मायनं बरण्या उकळून धुतल्या, त्यात लिंबाचं लोणचं घातलं. काल त्याच्यावर पांढरं आलं. माय म्हणे, "काढून टाक रं वरचं." पळी हातात घेतली… बुरशी दिसल्यावर माणूस काय करतो?

झाकण लावलं परत. म्हटलं, ऱ्हाऊ दे, माय. कोणाच्या नावाची निघंल, आपल्याला काय ठाव!