तळघराच्या जमिनीला दोन माणसं लागतात

...आणि दुकानातली मुलगी पिशवी उलटी करून मला वाचून दाखवते, "काका, याला दोन माणसं लागतात. एकानं कालवायचं, एकानं ओतायचं. घट्ट व्हायला वेळ लागत नाही." आता तुम्हीच सांगा, जमीन सपाट करायच्या सिमेंटच्या पिठानं माणसाला त्याच्या घरात किती जण आहेत ते विचारावं? हे काय वागणं झालं?

आमचं इथलं, कॅनडातल्या थंडर बेमधलं तळघर, वडिलांच्या काळातलं काँक्रीट, इकडे टेंगूळ तिकडे खळगा. इर्या, माझी बायको, होती तोवर कपडे धुवायचं मशीन नाचत नाचत जिन्यापर्यंत यायचं आणि ती त्याला म्हणायची, "या, बसा." ती गेली. मशीन अजून येतं, पण त्याला बसा म्हणणारं कोणी नाही...

तर मार्चमध्ये व्हँकूव्हरहून मुलीचा फोन. हेल्वीचा. "बाबा, उन्हाळाभर राहायला येते, पण खाली नीट फरशी टाकून घे." उन्हाळाभर, बरं का. मी लगेच कामाला. जुना गोंद खरवडला, ओल येते का बघायला प्लास्टिक चिकटवून ठेवलं, मग लांब पट्टी घेऊन गुडघ्यांवर रांगत सगळीकडे फिरलो. पट्टीखालून उजेड दिसला की खळगा, पट्टी डुगडुगली की उंचवटा. उंचवटे घासायच्या मशीननं घासले. खळगे भरायचे, तर तिथं आली ती पिशवी. दोन माणसं लागतात.

मग माणूस शोधायला बसलो. धान्याच्या कोठारावर माझ्याबरोबर कामाला होता तो तोइवो, त्याच्याकडे फोन केला, तर सून म्हणाली, "ते आता चाकाच्या खुर्चीत असतात, पण तुम्ही आलात तर बरं वाटेल त्यांना." चर्चमधला पेन्ट्टी फ्लोरिडात. भाऊ होता, तो कबरीत, आणि खरं सांगू, असता तरी अर्ध्यात कॉफी प्यायला गेला असता.

शेवटी एकट्यानंच... कालवा, बादली उचला, ओता, पळा, परत कालवा, आणि दुसरी बादली येईतो पहिली दगड. खळग्याच्या जागी पायरी झाली, पायरी! पुन्हा घासणं आलं. घासतोय, धुरळा खिडकीतून बाहेर, तोच दारात शेजारीण निव्हेस. इतक्या वर्षांत आमचं बोलणं काय, तर "बर्फ पडला." "हो, पडला."

"अहो सालमेला, माझ्या वाळत घातलेल्या चादरी राखाडी झाल्या. दळताय तरी काय?"

खाली नेऊन दाखवलं.

"हे एकट्यानं केलंत?"

"हो."

"दिसतंय." आणि बाह्या वर सारून म्हणाली, "कालवते मी. गुठळ्या राहिल्या तर ओरडायचं नाही."

तिनं कालवलं, मी ओतलं, आणि ते दुधासारखं पसरत गेलं हो, आपोआप, पार कोपऱ्यापर्यंत. मग आम्ही जिन्यावर बसून ते सुकताना बघत राहिलो. दुसरं करणार काय, पाय टाकायची सोय नाही.

"मुलगी कधी येते?" तिनं विचारलं.

"जूनमध्ये."

"माझा मुलगाही जूनमध्येच येतो," ती म्हणाली. "दर वर्षी ठरतं. अजून आलेला नाही."

मी म्हटलं, कड सुकली वाटतं. ती म्हणाली, हो, सुकली.

फरश्या मात्र मी एकट्यानं लावल्या. त्या एकट्यानं जमतात, घाई नसते. शेवटची फरशी बसली आणि हेल्वीचा फोन, "बाबा, ऑफिसचं जरा असं झालंय की..." मी म्हटलं, असू दे पोरी, जमीन काही पळून जात नाही. तिला हसू आलं. मलाही आलं, फोनवर यायला पाहिजे तेवढं.

निव्हेस बघायला आली. इकडून तिकडे चालली, म्हणाली, "छान झालीय. जरा घसरडी वाटते." आणि वर निघून गेली, चादरी होत्या ना.

आता खाली दोन खुर्च्या ठेवल्यात. अजिबात डुगडुगत नाहीत. एकीवर मी बसतो, दुसरीवर मोजे वाळत घालतो.