गाडीला बोलावलं होतं, माणसाला नाय

माझं नाव नरेश, पण नरेश म्हणून विचारत आलात तर कशेळ्यापासून डोंगरापर्यंत कोणी घर दाखवणार नाय, पाववाला म्हणा, लगेच दाखवतील. आमचा गाव कशेळ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. बाप भात लावायचा आणि सायकलवर पाव विकायचा. त्याच्या सायकलला रबरी भोंगा होता, दाबला की पॉं-पॉं. बाप गेला, सायकल भंगारात गेली, भोंगा मी ठेवला. मोटरसायकल घेतली तेव्हा तिच्या हँडलला तोच भोंगा तारेनं बांधला. शोरूमवाला हसला, म्हणाला काय हो, कंपनीनं हॉर्न दिलाय की. मी म्हटलं शेठ, तुमच्या हॉर्नला माणसं बाजूला होतात, माझ्या भोंग्याला माणसं जवळ येतात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

गाडी कर्जतच्या शोरूममधून घेतली, नवी कोरी. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, शेठनं स्वतः गाडीला हार घातला, फोटो काढला, म्हणाला आजपासून तुमी आमच्या फॅमिलीतले. काय सांगू तुम्हाला, त्या फोटोत तो माणूस जेवढा हसलाय तेवढा परत कधी हसलेला मी पाह्यला नाय.

माझा फेरा वाड्यांचा. शेवटची ठाकरवाडी खिंडीच्या पलीकडं. खिंड चढली की रस्ता एकदम खाली सुटतो, सरळ, आणि तळाला ओढ्यावरची मोरी, मोरीला लागून वाडी. मी खिंडीत भोंगा वाजवायचो, तळाला पोचेपर्यंत बाया मोरीवर हजर. सगळ्यांत आधी सोनीबाय. म्हातारी, कानानं थोडी जड, पण भोंगा तिला बरोबर ऐकू यायचा. उताराच्या अगदी समोर मोरीच्या कठड्यावर बसायची, मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा. रोज तीच जागा. म्हंजे बगा, मीच भोंगा वाजवून माणसं माझ्या गाडीच्या तोंडासमोर आणून बसवायचो. ब्रेक हाय तोवर त्यात काय वावगं नाय.

तर एक दिवस फोनवर कंपनीचा मेसेज आला. सगळा इंग्रजी. भाचीला दाखवला, ती बारावीला हाय. ती म्हणाली मामा, रिकॉल लिहिलंय. म्हटलं म्हंजे काय गं? तर म्हणाली री म्हंजे परत, कॉल म्हंजे फोन, परत फोन करा म्हणतायत. मला पटलं. रिचार्ज म्हंजे परत चार्ज, तसं रिकॉल. लावला शोरूमला फोन. गाणं वाजलं आणि कट. परत लावला. परत गाणं. रोज पाव संपले की झाडाखाली गाडी लावायची आणि फोन करायचा, बायको म्हणायची अवो, कोणाला एवढा लाडानं फोन करताय. हसा तुमी, पण मी कंपनीचं ऐकत होतो. म्हणाले परत कॉल करा, मी परत परत कॉल केला.

मग एकदा कर्जतला गेलो तेव्हा थेट शोरूममध्ये शिरलो. काउंटरवरच्या मॅडमला मेसेज दाखवला. तिनं फोनकडं नीट बघितलं पण नाय, म्हणाली ऑफरचा असेल सर, नंबर लिहून ठेवते, आमी कॉल करू. ऑफरचा! हा शब्द तुमी लिहून ठेवा. गाडीचा ब्रेक माणसाचा जीव घेणार हाय असं कंपनीनं लिहिलेलं आणि शोरूम म्हणतंय ऑफर हाय. मी इंग्रजी शिकलो नाय हा माझा दोष. तिला तर त्याचाच पगार मिळतो. मी घरी येऊन त्यांच्या कॉलची वाट बघत बसलो. म्हंजे मी त्यांना कॉल करायचा, ते मला कॉल करणार, आणि कॉल कशाचा ते कोणीच कोणाला सांगेना.

तोवर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागायला लागला. दाबला की ओल्या पावासारखा आत जायचा. कशेळ्याच्या मिस्त्रीकडं नेली, त्यानं ब्रेकचं ऑइल बदललं, नळीतली हवा काढली, म्हणाला जा बिनधास्त. चार दिवस बरी चालली, परत मऊ. परत मिस्त्री. तो म्हणाला नरेशभाऊ, गाडी नवी हाय, मला लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये काय तरी वाटतंय पण तो मी खोलणार नाय, वॉरंटी जाईल, शोरूमला दाखव. तो भला माणूस. शोरूम काय म्हणतंय ते सांगितलंच मी.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात झालं ते. रस्ता ओला, मागं दोन क्रेट भरलेले. खिंडीत भोंगा वाजवला. उताराला लागलो, अर्ध्यावर ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला टेकला. काय नाय. हवा. मागचा दाबला तर मागचं चाक घसरायला लागलं, भार मागं. गिअर खाली टाकला, गाडी ओरडली पण थांबेना. आणि समोर कठड्यावर सोनीबाय, डबा घेऊन, माझ्याकडं बघत. मी बोंबललो, आये सरक, आये सरक. ती हात वर करून हसली. तिला वाटलं मी रामराम घालतोय. मी हातानं भोंगा दाबला, वेड्यासारखा दाबत सुटलो, आणि दाबता दाबता कळलं मला, अरे हा तर बोलवायचा भोंगा, ती उठून अजून पुढं आली, डब्याचं झाकण उघडून.

मग मी गाडी डावीकडं घातली, दरडीत. घातली, गेली नाय. गाडी दगडावर, मी गटारात, पाव ओढ्यात. खांद्याचं हाड मोडलं. सोनीबाय माझ्यापासून दोन हातांवर, डबा तसाच उघडा. आधी शिव्या घातल्या, मेल्या, डोलं फुटलं का तुजं, आणि मग खाली बसली आणि रडायला लागली. वाडीतल्यांनी मला उचललं. त्यातला एक म्हणाला पाववाल्या, आज पाव भिजवून आणलेस काय रं. मलाही हसू आलं, खांद्यातून कळ गेली.

हात गळ्यात बांधून घरी पडलो होतो तेव्हा पोस्टमन कागद देऊन गेला, तेच इंग्रजी. वाडीच्या शाळेचे गुरुजी बघायला आले होते, त्यांनी वाचला आणि उभेच राहिले. म्हणाले नरेश, अरे हे तुला फोन करायला सांगत नाहीयेत. गाडी परत बोलावलीय. पुढच्या ब्रेकच्या भागात बनवतानाच दोष राहिलाय, फुकट बदलून देणार आहेत, आणि बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं लिहिलंय. मी म्हटलं गुरुजी, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. भाची दारात उभी होती, ती आत निघून गेली. दोन दिवस जेवली नाय पोरगी. तिची काय चूक सांगा? मराठीत एक ओळ लिहिली असती, गाडी चालवू नका, एवढीच, तर कोणाच्या बापाचं काय जात होतं?

मग सुरू झाला खरा फेरा. कर्जतवाला शेठ म्हणाला आमी छोटे डीलर, हे काम खोपोलीच्या मोठ्या शोरूमचं. खोपोलीवाला म्हणाला गाडी कर्जतला विकलेली, आमच्या लिस्टमध्ये तुमच्या गाडीचा नंबरच नाय. म्हटलं कागदावर नंबर हाय ना. म्हणाला बरं, पण गाडी पडलेली हाय, आता ती ॲक्सिडेंटची केस झाली. म्हटलं साहेब, ज्यानं पडली तेच बदलायला आणलीय. तर म्हणाला पार्ट नाय, आला की कॉल करू. परत कॉल! मी त्याला हात जोडले, म्हटलं बाबा काय पण कर, तो शब्द माझ्यासमोर काढू नको.

दसऱ्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या टेंपोत गाडी घातली आणि खोपोली गाठली. एक क्रेट पण नेला पाव भरून. शोरूम झेंडूनं मढवलेलं, नव्या गाड्यांची रांग, घरची घरं नटून आलेली, नारळ फुटतायत. मी दारासमोर गाडी उतरवून घेतली, गुरुजींनी कागद मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला, तो क्रेटवर चिकटवला, आणि भोंगा दाबला. पॉं-पॉं. सगळं शोरूम वळलं. मी परत दाबला. एक बाई पुढं आली, कडेवर लेक, तिच्या नवऱ्याचा हात नव्या गाडीवर, त्याच मॉडेलच्या. तिनं मोठ्यानं वाचलं, ह्या गाडीचा पुढचा ब्रेक लागत नाही, कंपनीलाच ठाऊक आहे. नवऱ्याला म्हणाली ऐकलं का, नारळ फोडू नका. आणि नारळ त्याच्या हातातून काढून पिशवीत टाकला.

मॅनेजर धावत आला, म्हणाला भाऊ, हा काय तमाशा, ह्या गाड्या नवीन हायत, ह्यांना तो प्रॉब्लेम नाय. म्हटलं मग जुन्यांना हाय ना? सांगा की सगळ्यांसमोर. म्हणाला आत या, चहा घ्या. म्हटलं चहा नको, माझ्याकडं पाव हायत, मिस्त्री आणा. अर्ध्या तासात आला. इतके दिवस जो पार्ट नव्हता तो आतल्या फळीवरून काढला, खोक्यावर धूळ होती. पार्ट लावता लावता तो मिस्त्री हळूच म्हणाला, दादा, असे बरेच खोके पडलेत आत, कोणी मागायला येत नाय. मागणार कसे रं? त्यांना ऑफर वाटतेय ना.

आता मी पाव देतो आणि गाडी बघतो. त्या मॉडेलची दिसली की नंबर लिहून घेतो, खोपोलीला नेऊन देतो. आमच्या वाड्यांवर गाड्या हातोहात फिरतात. कागद पहिल्या मालकाच्या घरी जातो, तिकडं शेलू गावाला नायतर आणखी कुठं, आणि गाडी इथं उतारावर असते, तिघंतिघं बसलेले. किती तरी जण अजून म्हणतात, नरेशभाऊ, लागतोय ना ब्रेक, मग कशाला. माझा पण लागत होता की.

वाडीत रोज जातो. खिंडीत आता भोंगा वाजवत नाय, उतार संपून गाडी थांबली की वाजवतो. माझा ब्रेक चांगला हाय, तरी. सोनीबायनं जागा बदलली, मोरी सोडून वर आंब्याखाली दगडावर बसते. मी तिला म्हटलं आये, बस की पहिल्या जागी, माझा ब्रेक आता लागतोय. पावाचा डबा मांडीवर घेतला तिनं, डोक्यावरून हात फिरवला माझ्या, म्हणाली तुजा लागतोय रं, चांगलं झालं, देव तुजं भलं करो. मग उताराकडं बोट केलं. तिथून एक गाडी खाली येत होती, तेच मॉडेल, मागं दोघं. म्हणाली, त्याचा?